मूठभर काळे दाणे

लंडनच्या पोटात खडू आहे. वर चिकणमाती आणि तिच्याखाली पांढऱ्या खडकाचा जाड थर. आसपासच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस त्या खडकात मुरतो, झऱ्यांवाटे थेम्स आणि ली या नद्यांना मिळतो आणि शेवटी आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येतो. येताना थोडा खडू विरघळवून आणतो. म्हणून इथल्या केटलच्या बुडाला पांढरी खपली धरते, कोऱ्या चहावर तवंग येतो आणि तूरडाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी लवकर एकजीव होत नाही. इथे नव्यानं आलेलं बहुतेक मराठी घर या पाण्याला नावं ठेवतं. मी मात्र आता या पाण्याच्या बाजूनं बोलते. काळी बिअर याच पाण्यातून आली.

बिअरसाठी मोड आणून सुकवलेलं जव, म्हणजे माल्ट, गरम पाण्यात भिजत ठेवतात. त्या तासाभरात धान्यातली पाचकद्रव्यं पिठाची साखर करतात. हे काम पाणी किंचित आंबट असेल तरच नीट होतं, आणि खडूचं पाणी नेमकं उलट्या बाजूला ओढतं. फिकट माल्ट टाकलं तर बिअर बोथट आणि तुरट होते. पण करपण्याच्या जरा अलीकडेपर्यंत भाजलेलं जव स्वतःच आंबट असतं. ते मूठभर पडलं की पाण्याचा हट्ट मोडतो. लंडन आणि डब्लिन या दोन्ही शहरांत पाणी असंच जड, आणि दोन्ही शहरं काळ्या बिअरसाठी जगभर ओळखली गेली. बर्टनच्या जिप्समच्या पाण्यानं फिकट एल दिली, पिल्सेनच्या मऊ पाण्यानं १८४२ मध्ये सोनेरी लागर दिली. प्रत्येक गावानं आपल्या विहिरीला जे मानवलं ते केलं. त्या काळच्या कारागिरांकडे हे रसायन सांगणारं शास्त्र नव्हतं, जीभ होती. त्या जिभेबद्दल मला फार आदर वाटतो.

मी घरी बिअर करते ती मुख्यतः पैशांसाठी, आणि हे सांगताना मला काही कमीपणा वाटत नाही. लंडनच्या पबात चांगल्या स्टाउटचा, म्हणजे काळ्या बिअरचा, एक पाइंट सहा-सात पौंडांना पडतो. कॉफी, कोको, व्हॅनिला असं काही घातलेली असेल तर त्याहून जास्त. तेवढ्याच पैशांत दोन किलो उत्तम माल्ट येतं आणि वर ओट्सचं पाकीटही येतं. इथे घरच्या वापरापुरती बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. १८८० च्या कायद्यानं घरी करणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागे. १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी तो परवाना काढून टाकला. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात असं घरी करणं कायद्यात बसत नाही, म्हणून हा छंद मी इथेच ठेवला आहे. आमच्या शेजारचे आजोबा तरुणपणी, सत्तरच्या दशकात, बूट्सच्या औषधांच्या दुकानातून बिअरच्या सामानाचा डबा आणत. त्या डब्यातला घट्ट पाक, पाकीटभर साखर आणि गरम पाणी एका बादलीत ढवळायचं, झालं. "चव यथातथाच होती," ते म्हणतात, "पण घरात पगार एकच होता आणि शनिवारी मित्र यायचे." मला हे वाक्य पुरतं. माझी भांडीकुंडी, माझं मोजमाप, सगळं त्याच घराण्यातलं आहे.

काळ्या बिअरचा रंगसुद्धा काटकसरीतून आलेला आहे, हे मला पुढे वाचताना कळलं आणि तिच्याशी असलेलं नातं घट्ट झालं. अठराव्या शतकात लंडनची काळी बिअर, म्हणजे पोर्टर, तपकिरी माल्टची असे. गोदीवर आणि रस्त्यांवर ओझी वाहणारी माणसं ती पीत. हे तपकिरी माल्ट लाकडाच्या जाळावर सुकवत. ते स्वस्त मिळे आणि कारखानदार खूश असत. मग हायड्रोमीटर आला. हल शहरातल्या जॉन रिचर्डसननं १७८४ च्या सुमारास त्याचा बिअरसाठी उपयोग कसा करायचा ते लिहून काढलं. एक तरंगती नळी गोड पाण्यात सोडायची आणि त्यात किती साखर उतरली ते वाचायचं. त्या नळीनं सगळा हिशेब उलटा केला. स्वस्त तपकिरी माल्टमधून साखर फार कमी निघत होती, महाग फिकट माल्टमधून भरपूर. माल्टवर सरकारी कर होताच, तेव्हा प्रत्येक पोत्यातून काय हाती येतं हे महत्त्वाचं. सगळे फिकट माल्टकडे वळले आणि पोर्टरचा रंग गेला. गिऱ्हाइकाला तर ती काळीच हवी. जळक्या साखरेनं रंग द्यायला १८११ मध्ये परवानगी मिळाली, १८१६ मध्ये ती काढून घेतली. पुढच्याच वर्षी डॅनियल व्हीलरनं एक पेटंट घेतलं. कॉफीच्या बिया भाजतात तशा फिरत्या पिंपात माल्ट भाजायचं, आणि पेट घेऊ नये म्हणून योग्य वेळी पाणी मारायचं. कोळशासारखं काळं आणि कुरकुरीत होणारं ते माल्ट इतकं थोडं लागे की बाकीचं सगळं फिकट वापरता आलं. आज माझ्या पातेल्यात जी काळी मूठ पडते तिचा उगम तिथे आहे.

स्वस्ताईची दुसरी वाटही याच शहरानं पाहिली. पोर्टर महिनोन्महिने मुरवायची म्हणून कारखानदार अजस्र लाकडी पिंपं बांधू लागले, एकमेकांहून मोठी. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटेनहॅम कोर्ट रोडजवळच्या हॉर्स शू ब्रुअरीत असं एक पिंप फुटलं. साडेतीन हजारांवर बॅरल बिअर होती त्यात. भिंत फोडून ती मागच्या सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत शिरली आणि आठ माणसं गेली, सगळ्या बाया आणि मुलं. एका तळघरात एका लहान मुलाच्या मृत्यूनंतरचं जागरण चालू होतं, तिथली माणसंही त्यात होती. आता त्या जागी डॉमिनियन थिएटर आहे, समोर बस थांबतात. तिथून जाताना मी दर वेळी मनात त्या तळघरापाशी थांबते. दहा लिटरच्या वर कधी न जाण्याचा माझा नेम पातेल्याच्या आकारामुळे सुरू झाला. आता पातेलं मोठं मिळालं तरी मी तो मोडणार नाही.

दहा लिटरांचं माझं प्रमाण असं. मॅरिस ऑटर नावाचं फिकट माल्ट दोन किलो. हे जव १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये तयार केलेलं, किलोमागे थोडं महाग, आणि तेवढे पैसे मी आनंदानं घालते. नाश्त्याचे साधे ओट्स पाव किलोच्या आतबाहेर, त्यानं बिअरला अंग येतं. चॉकलेट माल्ट शंभर ग्रॅम. यात चॉकलेट काही नसतं, रंग आणि वास तेवढा तसा. आणि काळंकुळीत भाजलेलं जव दीडशे ग्रॅम. आई एका हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा तिनं हे चार ढीग ओट्यावर पाहिले आणि लगेच म्हणाली, "ही तर भाजणीच की गं." थालीपिठाच्या भाजणीत जसा तांदूळ वेगळा भाजायचा, हरभराडाळ वेगळी, उडीद वेगळे, धणे-जिरे शेवटी आणि जरासेच, तसंच हे. प्रत्येक दाण्याला त्याची त्याची आच, आणि ज्याचा वास सगळ्यात मोठा त्याचं प्रमाण सगळ्यात लहान. तिनं काळं जव दाताखाली चावून पाहिलं, "कॉफी," म्हणाली, मग क्षणभरानं, "नाही, करपलेल्या भाकरीची कड." दोन्ही बरोबर होतं. आई बिअर पीत नाही आणि पिणारही नाही. पण त्या दिवशी माल्ट भिजत असताना ती पातेल्याजवळून हलली नाही.

पातेलं साउथहॉलच्या भांड्यांच्या दुकानातून आणलेलं, पंधरा लिटरचं, लंगरच्या डाळीसाठी बनवलेलं. छंदाच्या दुकानांत याच मापाच्या पातेल्याला नळ आणि थर्मामीटर लावून कितीतरी जास्त पैसे घेतात. मी नळाशिवाय भागवते. माल्ट जाळीच्या कापडी पिशवीत भरायचं आणि पिशवी ६६-६७ अंशांच्या पाण्यात बुडवायची. मग आच बंद करून पातेलं जुन्या रजईत गुंडाळायचं. पिशवीची ही रीत ऑस्ट्रेलियातल्या घरगुती मंडळींनी रूढ केली आणि छोट्या स्वयंपाकघरांवर मोठे उपकार केले. काळे दाणे मी बरोबर भिजवत नाही. आदल्या रात्री गार पाण्यात ठेवते आणि सकाळी गाळून ते शाईसारखं पाणी उकळीच्या अखेरीस ओतते. याचा अर्थ, वर ज्या आंबटपणाचं कौतुक केलं तो भिजवणीच्या वेळी पाण्याला मिळत नाही. त्यासाठी लिंबूसत्त्वाची चिमूट टाकावी लागते. पण मग कडवटपणातली राख निघून जाते, भाजल्याचा वास तेवढा राहतो. हा सौदा मला पसंत आहे. तासाभरानं पिशवी उचलून निथळू द्यायची आणि खाली राहिलेला गोड काढा तासभर खळखळा उकळायचा. त्यात फगल जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, तीसेक ग्रॅम, सुरुवातीलाच. घरभर त्यांचा ओल्या गवताचा, मातीचा वास सुटतो आणि खिडक्यांवर वाफ धरते. उशिरा टाकायचे महागडे सुगंधी हॉप्स काळ्या बिअरला लागत नाहीत, कारण वासाची जागा भाजलेल्या दाण्यांनी आधीच घेतलेली असते. काळी बिअर खिशाला परवडण्याचं हे आणखी एक कारण.

आता चवीचं. इथे लोकांचा हात सुटतो आणि पैसेही. मला वाटतं, काळ्या बिअरमध्ये घालायची वस्तू तिच्यात आधीपासून कुठेतरी असली पाहिजे. भाजलेल्या जवात कॉफीची छटा असतेच, म्हणून कॉफी शोभते. कोकोचंही तेच. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. कॉफी उकळीत घालू नये, तिथे ती नुसती कडू होते. आंबवणं पूर्ण झाल्यावर अख्ख्या बिया, दहा लिटरांना साठ-सत्तर ग्रॅम, जाळीच्या पुरचुंडीत बांधून दिवसभर सोडायच्या. जास्त दिवस राहिल्या तर हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास येऊ लागतो. बाजारातली साधी कॉफी चालते, फक्त ताजी भाजलेली हवी. कोकोची भुकटी तळाशी गाळ होऊन बसते. त्यापेक्षा कोकोच्या बियांचे तुकडे थोड्या व्होडकात आठवडाभर भिजवून ते पाणी घालावं.

व्हॅनिलाची शेंग महाग, पण इथे मी हात आखडत नाही. एक शेंग उभी चिरून छोट्या बाटलीत व्होडकात ठेवली तर दोन खेपा निघतात. स्वस्त इसेन्सनं बिअरला अत्तराचा वास येतो आणि तो जाता जात नाही. वेलदोडे चार, फार तर पाच, सालासकट ठेचून, उकळीची शेवटची पाच मिनिटं. सहावा वेलदोडा पडला की ती बिअर राहत नाही, चहा होते. गुळाचा माझा अनुभव वेगळा आहे. गूळ घातला म्हणजे बिअर गोड होईल असं वाटतं, पण यीस्ट त्यातली जवळजवळ सगळी साखर खाऊन टाकतं. बिअर उलट पातळ आणि कोरडी होते, मागे राहतो तो काकवीचा खोल, थोडा खारट वास. तो वास मला इतका आवडतो की पातळपणा भरून काढायला मी ओट्स वाढवते आणि गूळ घालतेच. खरोखर गोड काळी बिअर हवी असेल तर दुधातली साखर, लॅक्टोज. यीस्टला ती पचत नाही, म्हणून गोडवा टिकतो. केंट परगण्यात हाइथ गावी मॅकिसननं शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशीच मिल्क स्टाउट काढली होती.

आणि सगळ्यात आवडती चव फुकट येते. जानेवारीत इथल्या दुकानांत सेव्हिलची कडू संत्री येतात, पंधरा-वीस दिवसच. शेजारच्या आजी त्यांचा मार्मालेड करतात आणि मला चारपाच संत्र्यांची साल काढून देतात. पांढरं अस्तर सुरीनं नीट खरवडून टाकायचं, नारिंगी पापुद्रा तेवढा ठेवायचा आणि उकळीच्या शेवटी घालायचा. भाजलेल्या जवाच्या मागून ती संत्र्याची कडसर धार येते तेव्हा मला कोणत्याही दुकानातली बाटली नको असते. मार्मालेडची एक बरणीही मिळते, ती वेगळी.

घालायच्या वस्तूंबद्दल बोलताना काकमारीचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दक्षिण भारतातल्या रानांत वाढणाऱ्या या वेलीची फळं विषारी. पाण्यात टाकून मासे गुंगवायला ती वापरत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीच फळं जहाजांतून लंडनला येत आणि काही कारखानदार चोरून ती पोर्टरमध्ये घालत. कमी माल्टची पातळ बिअर प्यायलेल्या माणसाला ती जोरकस वाटावी, डोकं गरगरावं, एवढ्यासाठी. कायद्यानं बंदी होती, दंड होत होते, तरी चालू होतं. फ्रेडरिक ॲकम या रसायनशास्त्रज्ञानं १८२० मध्ये अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात हे सगळं नावानिशी मांडलं. काळ्या रंगात काहीही लपतं हे त्या लोकांना ठाऊक होतं. दिवसभर पोती वाहून संध्याकाळी चार पैशांची पोर्टर घेणाऱ्या माणसाच्या पोटात आपल्याकडच्या रानातलं विष जात होतं, हे वाचून मला आजही संताप येतो. माल्ट कमी करून पैसे वाचवायचे नाहीत, हा माझा सगळ्यात कडक नियम त्या संतापातून आला आहे. वाचवायचं ते भांड्यांत, वेष्टनात, यीस्टमध्ये.

यीस्ट म्हणजे खरोखर एकदाच घ्यायची वस्तू. पाकिटातलं अर्धं दहा लिटरांना पुरतं. बिअर बाटल्यांत भरून झाली की बादलीच्या तळाशी मलईच्या रंगाचा गाळ उरतो. तो उकळून स्वच्छ केलेल्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन-तीन आठवड्यांत पुढच्या खेपेला चालतो, आणि पहिल्यापेक्षा जोमानं चालतो. १८ ते २० अंशांत त्याला बरं वाटतं, म्हणजे लंडनच्या घरात वर्षाचे बरेच महिने काही करावंच लागत नाही. हायड्रोमीटर सुरुवातीला १.०५० च्या आसपास दाखवतो आणि दोन आठवड्यांनी १.०१२ वर येऊन थांबतो. म्हणजे साधारण पाच टक्के. तो आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की मगच बाटल्या. साखर उरली असताना बाटली बंद केली तर आत वायू कोंडून काच फुटते, तेव्हा इथे घाई नको. बाटल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेल्या, तपकिरी काचेच्या, कारण उजेडानं हॉप्सचा वास बिघडतो. दहा लिटरांना पन्नास ग्रॅमच्या आत साखर घालायची, पत्र्याची झाकणं दाबून बसवायची आणि तीन आठवडे जिन्याखाली. सगळा खर्च जोडला तर पाइंटमागे साठ पेन्सच्या आसपास येतो. कॉफीची बिअर लवकर संपवावी, तिचा वास महिन्या-दोन महिन्यांत विरतो. व्हॅनिलाची आणि संत्र्याची मात्र ठेवून द्यावी, उन्हाळ्यापर्यंत ती गोलाई धरते.

आई परत गेल्यावरही तिच्या डोक्यातून ते चार ढीग गेले नाहीत. मधे फोनवर म्हणाली, "मोड आणून, वाळवून, भाजून, म्हणजे आपलं नाचणीचं सत्त्वच ना? मग नाचणी का नाही घालत?" मी वाचून पाहिलं, तर अडचण एवढीच की नाचणीतलं पीठ जवाच्या मानानं जास्त उष्णतेला फुलतं. ६६ अंशांत ते कच्चंच राहील. म्हणजे आधी तिची पेज शिजवून घ्यायची, गार करून ६६ अंशांवर आणायची आणि मग जवाच्या माल्टमध्ये मिसळायची. जवाची पाचकद्रव्यं बाकीचं काम करतील. सिक्कीम-नेपाळकडे नाचणीची छांग पिढ्यान्‌पिढ्या होतेच, तेव्हा धान्याबद्दल शंका नाही. शंका भाजण्याबद्दल आहे. आईचं म्हणणं, मोड आणलेलीच भाज, नुसती भाजलीस तर कडू होईल, आणि लोखंडी तव्यावर भाज. शेजारचे आजोबा म्हणतात ओव्हनमध्ये, पसरट ताटात, दर पाच मिनिटांनी हलवत. प्रमाणावरही एकमत नाही. मी पाव किलो धरते आहे, आईला ते फारच कमी वाटतं. नाचणी भिजत घातली आहे, उद्या फडक्यात बांधीन. इथल्या थंडीत मोड यायला तीन दिवस तरी लागतील, तोपर्यंत तवा की ओव्हन ते ठरवायचं आहे.